गाडी स्टुटगार्टची, ऊन चंद्रपूरचं

मे महिन्याचा शेवट, नवतपा लागलेला, दुपारचे दोन. समृद्धी महामार्गावर कारंजाच्या अलीकडे एक काळी, रुंद, पाचशेहून अधिक घोड्यांची एसयूव्ही बॉनेट उघडून उभी होती. खाली गुलाबी पाण्याचं डबकं.

मालक ओळखीचे निघाले. चंद्रपूरकडचे कंत्राटदार, उन्हातच वाढलेले. क्रेन येईपर्यंत दीड तास ते आमच्या बारा वर्षं जुन्या हॅचबॅकमध्ये बसून होते. तिचा एसी चालू होता.

पुढच्या आठवड्यात त्यांना एस्टिमेट मिळालं. वॉटर पंप, नळ्या, थर्मोस्टॅट, टर्बोचं सील, शिवाय ‘उघडल्यावर जे निघेल ते’. आकडा ऐकून ते गप्पच झाले. गाडी त्यांनी सेकंडहँड घेतली होती, नव्या किमतीच्या पाव भागात.

बिल मात्र पूर्ण किमतीच्या गाडीचं आलं.

हेच या गाड्यांचं दुखणं आहे आणि विकणारा ते कधीच बोलत नाही. गाडीची किंमत दरवर्षी घसरते, तिच्या सुट्या भागांची घसरत नाही. गाडी पाव किमतीला मिळाली म्हणून तिचा वॉटर पंप पाव किमतीला मिळतो का?

आता चूक कुणाची? मालक म्हणतात गाडीची. सर्व्हिस सेंटर म्हणतं ड्रायव्हरची. ड्रायव्हर म्हणतो उन्हाची. ऊन तर इथं गाडीच्या आधीपासून आहे.

नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. राजस्थानात फलोदीला मे २०१६ मध्ये ५१ अंश नोंदले गेले. हे सावलीतले आकडे, जमिनीपासून चार-पाच फुटांवर घेतलेले. रस्त्याचा पृष्ठभाग त्याहून वीस अंश तरी पुढे असतो.

आणि गाडीचं नाक त्या रस्त्यापासून जेमतेम फूटभर वर.

स्टुटगार्टला ऐन जुलैतली दुपार साधारण पंचवीस अंशांची. म्हणून कंपन्या उन्हाची परीक्षा घेत नाहीत असं नाही. अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत, दुबईच्या वाळवंटात, दक्षिण आफ्रिकेत अपिंग्टनला गाड्या नेतात, तापवतात, मोजमाप घेतात. गाडी पास होते. पण ती गाडी नवी असते आणि तिच्या मागे इंजिनिअरांचा ताफा असतो. आपली गाडी आठ वर्षांची आणि मदतीला कॉल सेंटरचा नंबर.

ग्लोव्ह बॉक्समधलं जाडजूड पुस्तक कुणी उघडलंय? त्यात ‘खडतर वापर’ अशा अर्थाचा एक परिच्छेद असतो. अति उष्णता, धूळ, थांबत-थांबत चालणारी वाहतूक, इंजिन चालू ठेवून उभं राहणं, यातलं काही असेल तर ऑइल आणि फिल्टर ठरल्या मुदतीच्या आधी बदला, असं तिथं लिहिलेलं असतं. विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या गाडीला यातलं एखादं नव्हे, सगळंच लागू आहे.

मग पुढच्या सर्व्हिसिंगचा स्टिकर पंधरा हजार किलोमीटरचा का लावला जातो?

कारण मुदत लांब दिसली की गाडी स्वस्त वाटते. ऑइल दोनदा बदलायचा खर्च टळतो आणि इंजिन उघडायचा खर्च ओढवतो. पहिला वाचला तेव्हा ग्राहक खूश होता. दुसरा येतो तेव्हा वॉरंटी संपलेली असते.

स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर बघा. त्याची रबरी रिंग काही काळाने कडक होते, वाफ बाजूने निघू लागते आणि घरातली बाई शिट्टीच्या आवाजावरून ओळखते की रिंग गेली. तिला त्यासाठी डॅशबोर्डवर दिवा लागत नाही. रबर उष्णतेनं मरतं, हे तिला पाठ आहे.

या गाडीत अशा रिंगा शेकड्यांनी आहेत.

त्यात प्लास्टिकची भर. वजन आणि खर्च कमी करायला इंजिनावरच्या नळ्या, टाक्या, पंपांची घरं प्लास्टिकची केली गेली. इंजिनातलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्याही वर असतं. ते रोज तापतं, रोज निवतं. असे काही हजार फेरे झाले की प्लास्टिक ठिसूळ होतं. बाहेर पंचेचाळीस अंश असले की बॉनेटखालचं तापमान कधी पुरेसं उतरतच नाही.

पोर्शची पहिली कायेन २००२ साली आली. तिच्या सुरुवातीच्या व्ही-एट इंजिनांत कूलंटच्या नळ्या प्लास्टिकच्या होत्या, त्याही इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, जिथं हात पोचत नाही. त्या फुटायच्या आणि पाणी थेट खालच्या स्टार्टर मोटरवर. पुढे कंपनीनंच ॲल्युमिनियमच्या नळ्या दिल्या. म्हणजे उपाय माहीत होता, धातूही माहीत होता. रेंज रोव्हरच्या पाच लिटरच्या व्ही-एट इंजिनाचीही प्लास्टिकच्या कूलंट नळ्यांची तक्रार जगभरातल्या मेकॅनिकांना तोंडपाठ आहे.

नळीची किंमत किरकोळ. तिच्यापर्यंत पोचायची मजुरी नाही.

आता टर्बो. पूर्वी टर्बो इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला असायचे, त्यांना वारा लागायचा. गेल्या दीड-दोन दशकांत बऱ्याच ताकदवान व्ही-एट इंजिनांत ते सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खाचेत बसवले गेले. गाडी चपळ झाली, धूर लवकर स्वच्छ होऊ लागला. पण इंजिनातला सगळ्यात तापलेला भाग इंजिनाच्या ऐन मध्यात आला आणि आजूबाजूला वायरी, रबर, प्लास्टिक.

चुलीच्या मधोमध लोण्याचा गोळा ठेवावा, तसं.

बीएमडब्ल्यूचं असं ४.४ लिटरचं इंजिन २००८ मध्ये आलं. २०१४ च्या अखेरीस अमेरिकेत त्याच्यासाठी कंपनीनं खास ‘कस्टमर केअर पॅकेज’ काढलं. टायमिंग चेन, इंजेक्टर, नळ्या तपासून द्यायच्या आणि ऑइल बदलायची मुदत दोन वर्षांवरून एका वर्षावर आणायची. मुदत चुकीची होती हे कागदावर आलं. तिथल्या कागदावर आलेलं इथल्या सेकंडहँड गिऱ्हाइकाला कोण सांगणार?

ऑइलचं एक गणित करून बघा. छोट्या हॅचबॅकला साडेतीन लिटरच्या आसपास ऑइल पुरतं. या व्ही-एटला नऊ लिटरच्या घरात लागतं आणि तेही ठरावीक दर्जाचं, पूर्ण सिंथेटिक. तरीही हा यातला सगळ्यात स्वस्त खर्च आहे.

आणि लोक नेमका तोच टाळतात.

गिअरबॉक्सची गोष्ट याहून चीड आणणारी. या वर्गातल्या कित्येक गाड्यांना जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. गाडी विकणारे छातीठोकपणे सांगतात, ‘यातलं ऑइल आयुष्यभर बदलावं लागत नाही.’ गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ सांगते, ८० हजार ते एक लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांत बदला. वापर खडतर असेल तर त्याआधी. बनवणारा एक सांगतो, विकणारा दुसरं.

आयुष्यभर म्हणजे कुणाच्या आयुष्यभर? पहिल्या मालकाच्या.

दुबईला जरा वेगळं चित्र दिसतं. तिथं सेकंडहँड गाडी घ्यायला गेलेला मराठी माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘जीसीसी स्पेक आहे का?’ म्हणजे आखाती देशांसाठी बांधलेली गाडी: कूलिंगची क्षमता जास्त, एसी तगडा, धुळीचा विचार केलेला. अमेरिकेतून आणलेली तीच गाडी तिथं स्वस्त मिळते आणि ती स्वस्त का मिळते हे तिथल्या टॅक्सीवाल्यालाही माहीत असतं.

आपल्याकडे शोरूममध्ये पहिला प्रश्न कोणता? सनरूफ केवढं?

काचेचं छत विदर्भात एप्रिल ते जून पडद्याखाली झाकून ठेवावं लागतं. त्याच्यासाठी जास्तीचे पैसे मोजणारा माणूस रेडिएटरबद्दल एक शब्द विचारत नाही.

आणखी एक गोष्ट दुबईकडून घेण्यासारखी आहे. पाच वर्षांहून जुना टायर तिथं चालत नाही. नक्षी कितीही शिल्लक असो, टायर उन्हानं आतून कोरडा पडतो हे त्यांनी मान्य केलंय. मुदत संपलेल्या टायरला ५०० दिरहम दंड, परवान्यावर चार काळे गुण आणि आठवडाभर गाडी जप्त. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दोन-सव्वादोन टनांची गाडी १२० च्या वेगानं सिमेंटच्या रस्त्यावर पळवणाऱ्या किती जणांनी ते आकडे वाचलेत?

उलट आपल्याकडे एक समज घट्ट बसलाय: उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवायची. साफ चूक. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त वाकतो, जास्त तापतो. कंपनीनं दिलेला दाब थंड टायरवर मोजायचा आणि तेवढाच ठेवायचा. हा सल्ला फुकट आहे आणि जीव वाचवतो.

बॅटरीचंही तेच. लोकांना वाटतं थंडी बॅटरी मारते. थंडी फक्त तिची मेलेली अवस्था उघड करते. मारते ती उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. थंड देशात चार-पाच वर्षं चालणारी बॅटरी इथं दोन-तीन वर्षांत मान टाकते. यातल्या कित्येक गाड्यांत नवी बॅटरी बसवली की गाडीच्या कॉम्प्युटरला तसं कळवावंही लागतं. ते कळवायचं यंत्र कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याकडे नसतं.

एअर सस्पेन्शनवर थोडक्यात. हवेच्या रबरी पिशव्यांवर उभी असलेली गाडी. रबराला भेगा पडतात, हवा झिरपते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर सतत चालतो आणि जळतो. सकाळी गाडी एका कोपऱ्यावर बसलेली दिसली तर त्याच दिवशी दाखवा. आठवडा थांबलात तर पिशवीच्या बिलात कॉम्प्रेसरही येतो.

ब्रेकची तर बातच नको. लॅम्बोर्गिनी उरुस भारतात जानेवारी २०१८ मध्ये तीन कोटींना आली. ६५० घोडे, पुढच्या चाकांना ४४० मिलिमीटरच्या कार्बन-सिरॅमिक डिस्क. अशा चार डिस्क बदलायच्या पैशांत नवी छोटी गाडी दारात येते.

तीन कोटीवाल्याला ते परवडतं, त्याची मला काळजी नाही. मला काळजी आहे पंचवीस-तीस लाखांत जुनी ताकदवान एसयूव्ही घेणाऱ्याची. जमिनीचे पैसे आलेत, धंदा नुकता उभा राहिलाय, पोराचं लग्न आहे, दारात मोठी गाडी हवी. त्याचा हप्ता ठरलेला असतो, उन्हाळा नाही.

आणि गावात कुणाला सांगताही येत नाही. मोठी गाडी घेतली हे चारचौघांत सांगितलेलं असतं. ती सहा महिने वर्कशॉपमध्ये आहे हे कसं सांगायचं? या गप्प बसण्यामुळेच पुढचा फसतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला. मोठ्या एसयूव्हीवर उपकर धरून ५० टक्क्यांपर्यंत जाणारा कर ४० टक्क्यांवर आला, सुटे भाग २८ वरून १८ वर. छान झालं. पण सुटा भाग कुठून येतो, किती आठवड्यांनी येतो आणि त्याची मूळ किंमत कोण ठरवतो, हे तसंच आहे.

मर्सिडीज चाकणला जोडली जाते, ऑडी शेंद्र्याला, २०२४ पासून रेंज रोव्हरही पुण्यात. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण ताकदवान आवृत्त्या बहुतेक बाहेरूनच बांधून येतात. गाडी महिनाभर उभी राहते ती एका नळीसाठी, जी विमानातून यायची असते.

बरं, बाहेरच्या मेकॅनिककडे जावं तर? हात चांगला आहे, अनुभव आहे, दर निम्मा आहे. पण कंपनीचं निदानाचं सॉफ्टवेअर त्याला मिळत नाही, मूळ सुटा भाग सहजी मिळत नाही आणि तिकडे गेलात की वॉरंटी जाईल ही धमकी डोक्यावर असते.

भारतीय स्पर्धा आयोगानं नेमकं हेच २०१४ च्या ऑगस्टमध्ये पकडलं होतं. सुटे भाग आणि निदानाची साधनं खुल्या बाजारात येऊ न देणाऱ्या १४ वाहन कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड. त्यांत बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजही होत्या. कंपन्या अपिलात गेल्या, कोर्टात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्यानं ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टल काढलं, त्यात वाहनंही घेतली.

त्याला आता काही वर्षं झाली. तुमच्या गावातल्या फिटरला ते सॉफ्टवेअर मिळालं का?

त्या फिटरबद्दलही कुणीतरी लिहायला हवं. पत्र्याच्या शेडमध्ये, पंचेचाळीस अंशांत, तापलेल्या इंजिनाखाली झोपून तो ती नळी काढतो. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करून घ्यायला कायद्यानं बंदी आहे. आपल्याकडे गाडी सावलीत उभी करतात आणि माणूस उन्हात. बिलातल्या ‘लेबर चार्ज’मधला किती पैसा त्याच्या हातात पडतो, हेही एकदा विचारा.

ऑक्टोबर २०१० आठवतो का? तेव्हाच्या औरंगाबादेत उद्योजक, डॉक्टर, बिल्डर मंडळी एकत्र आली आणि एका दिवसात दीडशेच्या आसपास मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा. गटानं गेले म्हणून सवलत मिळाली, स्टेट बँकेकडून कर्ज स्वस्तात मिळालं. देशभर बातमी झाली.

गटानं घेता येतं, तर गटानं दुरुस्त का करून घेता येऊ नये?

हे साखर कारखाने आणि दूध संघ उभारणारं राज्य आहे. एका जिल्ह्यातल्या शंभर मालकांनी मिळून सर्व्हिसिंगचे दर मागितले, उन्हाळ्याआधीच्या तपासणीचा करार मागितला, सुटे भाग जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवा म्हणून सांगितलं, तर कोणती कंपनी नाही म्हणेल? एकेकटा मालक गेला की त्याला एस्टिमेट मिळतं. शंभर गेले की त्यांना दर मिळेल.

तोवर हातात आहे ते तरी करू. आमच्याकडे मार्च लागला की घराघरांत कूलर अंगणात निघतो. जुन्या ताट्या काढतात, नव्या गवताच्या लावतात, पंप तपासतात, टाकीतला क्षार खरवडतात. त्यासाठी कंपनीचा मेसेज लागत नाही. तोच माणूस दारातल्या एसयूव्हीत मात्र बोअरचं पाणी ओततो आणि आत तोच क्षार धरतो. ज्या क्षारासाठी कूलरची टाकी दरवर्षी घासतो, तो गाडीच्या रेडिएटरला बाधत नाही असं त्याला कुणी सांगितलं?

कूलंट म्हणजे ठरलेलं द्रव्य आणि डिस्टिल्ड वॉटर, ठरलेल्या प्रमाणात. रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर यांच्यामधली फट धूळ, किडे, कापसाच्या तंतूंनी बुजते. ती मार्चमध्ये साफ करून घ्या. ऑइल पुस्तकातल्या मुदतीच्या निम्म्यावर बदला. ताशी १२० नं पळून आलात तर ढाब्यावर पोचण्याआधीचे दोन किलोमीटर सावकाश चला. तापलेला टर्बो एकदम बंद केला की आतलं ऑइल जळून त्याची काजळी धरते. पाचव्या-सहाव्या वर्षी नळ्या फुटायची वाट न बघता बदला. हे सगळं मिळून जो खर्च होतो, तो एका क्रेनच्या फेरीनंतरच्या बिलापेक्षा फारच कमी असतो.

नवी गाडी घेत असाल तर सही करण्याआधी एक कागद मागा: या जिल्ह्याच्या हवामानात, पाच वर्षांत, कोणत्या भागावर किती खर्च येईल. लेखी, शिक्क्यासह. देत नसतील तर पेन खिशात ठेवा.

कारंजाजवळची ती काळी एसयूव्ही आता दुरुस्त झाली आहे आणि विकायला निघाली आहे. तुमच्यापैकी कुणी अशी एखादी गाडी बघायला जाणार असेल, तर आधी बॉनेट उघडा, गेल्या तीन उन्हाळ्यांची बिलं मागा. बिलं नसतील तर गाडी घेऊ नका.